बायपासचं पाणीही निळं

धायरी-नऱ्हे रस्त्याच्या आतल्या गल्लीत माझ्या मेहुण्याचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, वेल्डिंगचा कोपरा आणि दाराशी कायम उघडा पडलेला एखादा पंप. गेली दोन वर्षं त्याने सांडपाणी साफ करायचं एक यंत्र बनवायला घेतलंय. माझी लेक रसायनशास्त्रात पीएच.डी. करते आहे. दोघांचं एकमेकांवर फार प्रेम, आणि म्हणूनच भांडण कडाक्याचं. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. यातलं मला जे कळलं ते चहाचे कप उचलता उचलता.

त्या रविवारी मेहुणा दोन बाटल्या आणि एका माहितीपत्रकाचं प्रूफ घेऊन घरी आला. एका बाटलीत निवळशंख पाणी, दुसरीतलं निळंशार.

मामा — हातच्या कांकणाला आरसा कशाला? ही मशीनमधून न गेलेली बाटली, ही अर्धा तास फिरवलेली. पोटॅशियम आयोडाइड टाकलं होतं, वरून स्टार्च. मशीनने हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवले, त्यांनी आयोडाइडचं आयोडीन केलं, स्टार्च निळा झाला. किती झाले तेही काढलंय. पत्रकात दुसऱ्याच ओळीत छापतोय.

भाची — मामा, ब्लँक कुठाय? तुलनेचं पाणी?

मामा — ही काय पांढरी बाटली.

भाची — यात पाणी कुठलं घेतलंस?

मामा — डिस्टिल्ड. बॅटरीत घालतो ते.

भाची — आणि मशीनमध्ये?

मामा — मशीनमध्ये साठ लिटर लागतं गं. तिथे नळाचं.

ती काही न बोलता उठली. नळाला पाणी येण्याची वेळ होतीच. तिने एक काचेचा पेला थेट नळाखाली धरला, मामाच्याच पुडीतलं चिमूटभर आयोडाइड त्यात टाकलं आणि सकाळच्या भाताची गार झालेली पेज चमचाभर घातली. पाणी जांभळट निळं झालं. बाटलीइतकं गडद नाही, पण शंका घ्यायला जागा नाही इतकं. ना पंप, ना मशीन. स्वयंपाकघराचा ओटा.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या या पट्ट्यात, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरीकडे, गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला आणि बोट पाण्याकडे वळलं. तेव्हापासून आमच्याकडच्या बायका-पुरुषांना 'रेसिड्युअल क्लोरीन' हा शब्द भाजीच्या भावाइतका पाठ झालाय. क्लोरीन तपासायला ओटीचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं की सुटकेचा श्वास. तोच क्लोरीन आता पेल्यात निळा होऊन बसला होता. आयोडाइडला कोणी ओरबाडलं याच्याशी स्टार्चला देणंघेणं नसतं. क्लोरीनने ओरबाडलं तरी तो निळा, रॅडिकलने ओरबाडलं तरी निळाच.

भाची — पिण्याच्या पाण्यात कमीत कमी ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन लिटरमागे उरला पाहिजे, असं आपलं मानक म्हणतं. एक मिलिग्रॅम असला तर त्यातून लिटरमागे सुमारे १४ मायक्रोमोल आयोडीन सुटतं. तुझ्या मशीनने अर्ध्या तासात स्वतःच्या जिवावर तेवढं केलं ना, तर मी गल्लीत पेढे वाटीन.

मेहुण्याने पेला उजेडात धरून पाहिला. मग प्रूफची घडी घालून खिशात ठेवली. पण हार मानणारा तो नाही.

मामा — ठीक. पाणी चुकलं, मान्य. उद्या साठ लिटर डिस्टिल्ड आणतो. पण पद्धतच खोटी असं म्हणू नको. ही माझ्या डोक्यातली नाही. माटुंग्याच्या यूडीसीटीत अनिरुद्ध पंडितांच्या लोकांनी अशा यंत्रांवर नव्वदच्या दशकापासून काम केलंय, आणि त्यांनी आयोडाइडच वापरलं. पाषाणला एनसीएलमध्ये विवेक रानडे, विनय भंडारी यांनी व्हॉर्टेक्स डायोड बनवला, पाणी भोवऱ्यात फिरवून तेच साधणारा. मी त्यांच्या पायाशी बसून शिकलो नसलो, तरी वाचलंय सगळं.

यंत्र काय करतं ते मला मेहुण्याच्याच भाषेत समजलं होतं. पंपाची सक्शन चोंदली की आतून खडी वाजल्यासारखा आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, कॅव्हिटेशन झालं, इम्पेलर खाणार. पाण्याचा दाब इतका पडतो की गार पाण्यातच वाफेचे बुडबुडे येतात, आणि पुढे दाब वाढला की ते आत फुटतात. फुटताना बुडबुड्याच्या पोटात क्षणभर हजारो अंश तापमान होतं. सगळे पंपवाले ज्याला शत्रू मानतात, त्यालाच व्हेंचुरी नावाच्या नळीच्या अरुंद गळ्यात मुद्दाम बोलवायचं आणि कामाला लावायचं, ही यातली गंमत. त्या उष्णतेत पाण्याचा रेणू तुटतो आणि हायड्रॉक्सिल मूलक, म्हणजेच मेहुण्याचा रॅडिकल, सुटतो. त्याच्यातल्या एका इलेक्ट्रॉनला जोडीदार नसतो, म्हणून समोर येईल त्याच्याकडून तो हिसकावून घेतो. सांडपाण्यातली घाण त्याच्या तावडीत सापडावी, ही अपेक्षा.

अडचण एकच. हा प्राणी दिसत नाही. पेशीसारख्या गर्दीच्या जागी त्याचं आयुष्य एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाएवढं. तो आला आणि गेला हे कळायचं तर वाटेत काहीतरी ठेवायचं, ज्याला धडकून तो खूण सोडेल. आयोडाइड हा असा एक सापळा. सॅलिसिलिक आम्ल, टेरेफ्थॅलिक आम्ल, कुमारिन, डीएमपीओ हे त्याचे भाऊबंद. मोजतो ती ती खूण. मूलक कधीच मोजत नाही.

भाची — मोठ्या लोकांनी वापरलं म्हणून पद्धत निर्दोष होत नाही, मामा. त्यांना तिच्या खोड्या माहीत असतात, म्हणून त्यांना ती वापरता येते. या आयोडाइडचा जन्मच बघ ना. वाइस्लर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये अल्ट्रासाउंडखाली आयोडाइड फिरवलं तेव्हा त्यात कार्बन टेट्राक्लोराइड होतं. ते तुटून क्लोरीन निघतो आणि तो आयोडाइडला धरतो. रंग झकास येतो, म्हणून पुढे कितीकांनी ते घातलं. पण तो रंग हायड्रॉक्सिलचा किती आणि क्लोरीनचा किती?

मामा — मी कुठे कार्बन टेट घातलं?

भाची — तू नळाचं पाणी घातलंस. फरक काय? बरं, शुद्ध पाणी घेतलंस तरी दोन हायड्रॉक्सिल एकमेकांना भेटून हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. तेही आयोडाइडचं आयोडीन करतं, सावकाश. बाटली दुपारी पाहिलीस तर एक आकडा, संध्याकाळी दुसरा. पाण्यात हवा विरघळलेली असली तर नायट्रोजनपासून नायट्राइट होतं, पाणी आम्लधर्मी असेल तर तेही हात मारतं. इम्पेलर झिजून लोखंड आलं, ते वेगळंच. उलट बाजूने, टाकी उघडी असली तर आयोडीन उडूनही जातं. म्हणजे वाढवणारे चार आणि घटवणारा एक.

मामा — म्हणजे बेरीज-वजाबाकी होऊन बरोबरच येत असेल!

भाची — किराणा दुकानात असं म्हणून बघ.

मेहुण्याचा खरा मुद्दा यानंतर आला, आणि तो मला अजूनही टाकाऊ वाटत नाही.

मामा — अगं, मला कुठे नोबेल घ्यायचंय? माझ्याकडे तीन व्हेंचुरी आहेत. गळा कुणाचा बारीक, कुणाचा लांब. त्यातली चांगली कुठली एवढंच मला ठरवायचंय. तराजू दहा ग्रॅमने खोटा असेना का, तिन्ही वेळा तोच तराजू आहे. जास्त निळं ती जास्त चांगली. संपलं.

भाची — तराजू कायम दहाच ग्रॅमने खोटा असता तर मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते. हा तराजू मालाप्रमाणे खोटं बोलतो. गळा बारीक केलास की पंपावर जोर वाढतो. पाणी जास्त तापतं. तापलं की बुडबुड्यात वाफ जास्त भरते आणि फुटण्यातली मारामारी मऊ होते, म्हणजे मूलक कमी. पण त्याच उष्णतेने हवेतला ऑक्सिजन आयोडाइडला जास्त धरतो, आयोडीन जास्त उडतं, पंप जास्त झिजतो. तू व्हेंचुरी बदललीस असं तुला वाटतं, पण त्याबरोबर तराजूही बदललास.

मेहुणा गप्प बसून बशीतली शेव निवडत राहिला. मग म्हणाला, "बरं, आयोडाइड सोडलं. तू कुठला सापळा लावतेस ते सांग."

टेरेफ्थॅलिक आम्ल, ती म्हणाली. मूलक त्याला चिकटला की एकच पदार्थ तयार होतो आणि तो अतिनील उजेडात निळा चमकतो. क्लोरीन किंवा पेरॉक्साइड यांच्या नादी तो सहज लागत नाही. ऐकायला सरळ. पण सापळ्यात पडलेल्या मूलकांपैकी जेमतेम एक तृतीयांश त्या चमकणाऱ्या पदार्थापर्यंत पोचतात, बाकीचे दुसऱ्या वाटांनी जातात. कुमारिनमध्ये तर चमकणारं उत्पादन काही टक्केच. तरी आयर्लंडमध्ये गेल्यावर रानड्यांच्या गटाने २०२२ मध्ये याच प्रकारच्या यंत्रांवर कुमारिन वापरून मोजमाप प्रसिद्ध केलं, कारण त्या थोडक्या टक्क्यांचं प्रमाण ठाऊक असलं की गुणाकार करता येतो. गुणाकार विसरलात की वीसपट चूक. प्रमाणही ऑक्सिजन किती, पीएच किती यावर हलतं. आणि कुमारिन जास्त ओतलंत तर तेच उजेड गिळून टाकतं. दिवा लागलाय पण काच काळी.

मामा — चल, गुणाकार केला. मग आकडा खरा?

भाची — शुद्ध पाण्यात, बऱ्यापैकी. पण तू यंत्र विकणार कुणाला?

मामा — डेअरी, मिठाईवाले, गुऱ्हाळं. गोड सांडपाणी असतं त्यांचं.

भाची — मग हिशेब करू. लिटरमागे दोनेक ग्रॅम साखर धर, ग्लुकोज. हायड्रॉक्सिल ग्लुकोजशी ज्या वेगाने भिडतो त्याच्या अडीच-पावणेतीन पट वेगाने टेरेफ्थॅलेटशी भिडतो. पण माझा सापळा असतो लिटरला एक मिलिमोल आणि साखर दहा. तेव्हा पाचातले चार मूलक साखर खाते, माझ्या वाट्याला एक येतो. त्या एकातला तिसरा हिस्सा मला दिसतो. शुद्ध पाण्यात जो आकडा पत्रकात छापशील, तो गिऱ्हाइकाच्या टाकीत कधीच दिसणार नाही.

इथे मेहुणा एकदम खुलला. मला वाटलं होतं तो पडेल.

मामा — मग भांडतेस कशाला? साखरेने खाल्ले म्हणजेच माझं काम झालं की! मूलक घाणीवर गेले. तुझ्या सापळ्यात न सापडणं हीच माझी कमाई. मी सीओडी मोजतो, म्हणजे पाण्यात घाण किती ते. आधी किती, नंतर किती. गिऱ्हाइकाला आणि प्रदूषण मंडळाला तेवढंच लागतं.

भाची — मग पत्रकात सीओडीच छाप. रॅडिकलचा आकडा कशाला?

मामा — कारण शेजारच्या गल्लीतला छापतो.

यावर कोणालाच काही बोलता येईना. बायकोने कोकम सरबत आणून ठेवलं. बाटलीच्या लेबलवर 'अँटिऑक्सिडंट्सनी भरपूर' असं लिहिलेलं होतं, आणि लेकीने ती ओळ बोटाने दाखवली. हाच रोग इथेही आहे, म्हणाली. कॉलेजांच्या प्रकल्पांत डीपीपीएच नावाचा जांभळा, टिकाऊ मूलक घेतात, त्यात जांभूळ-कोकम-आवळ्याचा अर्क टाकतात, रंग किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरला पाहतात. कोकमाचा स्वतःचा लाल रंगही जवळपास तिथेच उजेड खातो. अर्काची नुसती वाटी वेगळी मोजून वजा केली नाही तर उत्तर काय येईल ते देव जाणे. आणि वजा केलं तरी मेथॅनॉलमधल्या जांभळ्या पावडरीचा माणसाच्या पोटाशी संबंध किती? अमेरिकेच्या कृषी खात्याने अन्नपदार्थांच्या अशाच अँटिऑक्सिडंट आकड्यांची आपली यादी २०१२ मध्ये काढून टाकली, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत मिरवू लागल्या होत्या आणि आरोग्याशी त्यांचा धागा जुळत नव्हता. "सरबत मात्र छान झालंय, आई," असं म्हणून तिने पेला रिकामा केला.

मामा — सगळ्यांना झोडपलंस. तुझ्या त्या लाखो रुपयांच्या मशीनचं सांग ना. ईपीआर. तिथे तर रॅडिकल थेट दिसतो म्हणे.

ती हसली, पण जरा ओशाळून. त्या यंत्राची गोष्ट तिने मला पूर्वी एकदा रात्री बारा वाजता फोनवर सांगितली होती, रडवेल्या आवाजात.

भाची — थेट नाही दिसत. तिथेही सापळाच. डीएमपीओ. मूलक त्याला चिकटला की जी जोडी होते ती टिकाऊ असते, तिची सही मिळते. हायड्रॉक्सिलची सही म्हणजे चार रेघा, उंची एक-दोन-दोन-एक. पुस्तकात छापलेली. मला पहिल्याच महिन्यात सुंदर चार रेघा आल्या. गाइडना दाखवल्या. त्यांनी तुझ्यासारखं कौतुक केलं नाही. म्हणाले, पेरॉक्साइड न घालता कर. केलं. चार रेघा. प्रकाश बंद करून कर. चार रेघा. शेवटी नुसतं बफर, डीएमपीओ आणि जुन्या बाटलीतलं लोहाच्या क्षाराचं द्रावण. तरी चार रेघा.

मामा — भूत!

भाची — भूत नाही, फॉरेस्टर आणि हेपबर्न. १९७१ मध्येच त्यांनी सांगून ठेवलंय. लोहासारखा धातू असला की डीएमपीओला साधं पाणीच येऊन चिकटतं, मग एक इलेक्ट्रॉन सुटतो, आणि उरतं ते हुबेहूब तेच जे हायड्रॉक्सिल चिकटल्यावर झालं असतं. सही अस्सल, पण सही करणारा आलाच नव्हता. दुसरी वाट सुपरऑक्साइडची. तो चिकटला की जोडी मिनिटभरात मोडते आणि तिच्यातूनही हायड्रॉक्सिलचीच सही निघते. आणि विकत आणलेल्या डीएमपीओत आधीच कचरा असला, तो कोळशातून गाळून घेतला नाही, तर न मोजताच रेघा. सहा आठवडे गेले माझे.

एडवर्ड जॅन्झेन आणि ब्लॅकबर्न यांनी १९६८ मध्ये ही सापळ्याची युक्ती मांडली. तीन वर्षांत तिची पळवाटही सापडली होती. तरी पुढची पन्नास वर्षं लोक चार रेघा पाहून हायड्रॉक्सिल म्हणत आले. पेशींत मूलक शोधणाऱ्यांची अवस्था याहून बिकट. तिथे डीसीएफएच नावाचं रंगद्रव्य घालतात. ते चमकण्याच्या वाटेवर स्वतःच एक मूलक बनतं आणि ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन देऊन नवा सुपरऑक्साइड तयार करतं, जो पुढे आणखी चमक वाढवतो. पहारेकऱ्यानेच चोरी करावी आणि रजिस्टरमध्ये चोऱ्या वाढल्याची नोंदही त्यानेच करावी, असा प्रकार. २०२२ मध्ये 'नेचर मेटाबॉलिझम'मध्ये या क्षेत्रातल्या बऱ्याच जाणत्यांनी मिळून मोजमापाची मार्गदर्शक तत्त्वं लिहिली, ती याच वैतागातून.

मामा — मग खरा हायड्रॉक्सिल आणि तोतया, ओळखायचा कसा?

भाची — अल्कोहोल घालायचं. खरा असेल तर तो आधी अल्कोहोलवर झडप घालतो, तिथे वेगळा मूलक तयार होतो आणि डीएमपीओवर चारच्या जागी सहा रेघा येतात. तोतयाला अल्कोहोलचं सोयरसुतक नसतं, त्याच्या चार तशाच राहतात.

मामा — झालं तर! माझ्या टाकीतही घाल अल्कोहोल. निळं कमी झालं तर मूलक खरे.

भाची — तिथेच मी अडकलेय. तुझ्या यंत्रात अल्कोहोल पाण्यात थांबत नाही. ते उडणारं. बुडबुड्याच्या पोटात शिरतं आणि फुटण्याची उष्णता खाली आणतं. म्हणजे मूलक अल्कोहोलने खाल्ले म्हणून कमी, की मुळात जन्मलेच कमी, हे कळत नाही.

मामा — चोर पकडायला पोलीस पाठवला, आणि पोलिसाला बघून चोर घराबाहेरच पडला नाही.

भाची — अगदी. आणि मी अहवालात लिहिणार, पोलिसाने चोर पकडला.

मला वाटलं आता दोघंही थकले. दोन वेगळ्या जातींचे सापळे एकाच वेळी लावायचे, असा तोडगा तिने काढला. मेहुणा लगेच म्हणाला, दोन साक्षीदार एकाच गावचे असले तर? टेरेफ्थॅलेट आणि कुमारिन दोन्ही चमकणारे, तापमानाने दोन्ही मंदावणारे, पाणी गढूळ झालं की दोन्ही आंधळे. तिने कबूल केलं. साक्षीदार वेगळ्या गावचा हवा. पेरॉक्साइड वेगळं मोजायचं, सॅलिसिलेटची उत्पादनं क्रोमॅटोग्राफीने एकेक करून पाहायची.

मग मेहुण्याने असा प्रश्न विचारला की लेकीने हातातला कप खाली ठेवला.

मामा — तुझ्या सगळ्या ब्लँकमध्ये पाणी बाटलीत उभं असतं ना? नुसतं?

भाची — हो. ब्लँक म्हणजे तेच.

मामा — मग पंप कुठे गेला? अर्धा तास माझा पंप पाणी घुसळतो. तापवतो, हवा मिसळतो, लोखंड खरवडतो. व्हेंचुरीत काही न होताही एवढं होतंच. बाटलीतल्या पाण्याने यातलं काय सोसलं? माझ्या लाइनला बायपास आहे. व्हेंचुरीचा व्हॉल्व्ह बंद, बायपासचा उघडा. पंप तोच, टाकी तीच, वेळ तोच. पाण्याचं तापमान व्हेंचुरीएवढं येईल असं हीटरने जुळवतो. फक्त गळा नाही. तो तुझा ब्लँक.

ती दोन क्षण त्याच्याकडे बघत राहिली. "मामा, हे आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये कोणी म्हणालं नाही अजून." मेहुण्याचा चेहरा तेव्हा पाहायला हवा होता. माझ्या लग्नातही तो इतका खूश दिसला नव्हता.

पुढच्या रविवारी मीही वर्कशॉपवर गेलो, थर्मामीटर धरायला. धारेश्वराच्या दर्शनाला निघालेल्यांची रस्त्यावर गर्दी, आत पंपाची घरघर. साठ लिटर डिस्टिल्ड पाणी, टाकीवर झाकण, झाकणावर काळं कापड, कारण उजेडानेही आयोडाइड बिघडतं. आधी बायपास. अर्ध्या तासाने पाणी हाताला कोमट लागत होतं. लेकीने नमुना काढला, पेज घातली. निळसर झालं. फिकट, पण निळसर.

मामा — म्हणजे नुसता पंपसुद्धा?

भाची — पंपाच्या सक्शनला थोडं कॅव्हिटेशन होत असणार. शिवाय हवा आणि लोखंड. ही रक्कम आजपर्यंत तू व्हेंचुरीच्या नावावर जमा करत होतास.

मग टाकी धुऊन, नवं पाणी भरून व्हेंचुरी. बाटली अधिक गडद झाली. कुणालाही दोन्हींतला फरक सांगता आला असता. पण पहिल्या रविवारी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवलेल्या त्या निळ्याशार बाटलीपुढे हा फरक म्हणजे हत्तीपुढे कोकरू. मेहुणा बराच वेळ दोन्ही बाटल्या उजेडात धरून बसला होता. मग त्याने तिन्ही व्हेंचुऱ्या आळीपाळीने लावून प्रत्येकीचा बायपास वेगळा काढायचं ठरवलं, आणि संध्याकाळी निघताना त्याचा हिशेब सरळ होता. ज्या व्हेंचुरीला तो सर्वांत चांगली म्हणत आला होता, ती दुसऱ्या नंबरवर गेली होती. तिचा निळा रंग मुख्यतः पंप जास्त तापल्याचा होता.

"तराजू मालाप्रमाणे खोटं बोलतो," असं तो मला म्हणाला, जणू ते वाक्य त्याचंच. मी काही बोललो नाही. लेकीने ऐकलं आणि तीही बोलली नाही. तिच्या वहीत त्या दिवसापासून 'बायपास' असा एक रकाना आहे, तिच्या गाइडनी त्याखाली लाल शाईने रेघ मारलीय.

माझं मत कोणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. दोघांतलं कोणी हरलं नाही, पण शेजारच्या गल्लीतला छापतो म्हणून आपणही छापायचं, हे मेहुण्याचं म्हणणं मला शेवटपर्यंत पटलं नाही. आणि बाटलीत उभ्या पाण्याला ब्लँक म्हणत राहण्याची लेकीची सवयही तितकीच आळशी होती.

नवं पत्रक गेल्या महिन्यात छापून आलं. दुसऱ्या ओळीत रॅडिकलचा आकडा नाही. तिथे सीओडीचे तीन आकडे आहेत: टाकीत येणाऱ्या पाण्याचा, बायपासमधून फिरवलेल्या पाण्याचा आणि व्हेंचुरीतून फिरवलेल्या पाण्याचा.